राधानगरी ते राधानगर: न ठरवता निघायचं असेल तर

राधानगरीच्या स्टँडसमोर चहा पिताना मित्रानं मोबाइल पुढं केला. पांढरी वाळू, तिच्या काठाला सरळसोट उंच झाडं, पलीकडं निळं पाणी. खाली नाव होतं, 'राधानगर'. "नुसती एक वेलांटी कमी हाय बघ," तो म्हणाला, "जाऊया काय?" तेव्हा आमच्या अंगावर दाजीपूरच्या वाटेची लाल धूळ होती आणि पाठीवरच्या पिशवीत दोन जोड कपडे. आठव्या दिवशी आम्ही त्या वाळूत उभे होतो.

मधल्या सात दिवसांत करता येतील तेवढ्या चुका केल्या. पुढच्या खेपेला त्या टाळल्या आणि तिसऱ्या खेपेला घरच्यांनाही घेऊन गेलो. हा लेख त्या तीन खेपांतून निघालाय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगरगावात दोन दिवस निवांत काढायचे आणि मन झालं की तिथूनच अंदमानातल्या गजबजलेल्या स्वराज द्वीपाकडं, म्हणजे जुन्या हॅवलॉककडं, सुटायचं. राधानगरचा किनारा त्याच बेटावर. ते कसं जमवायचं, एवढंच यात आहे.

कुठं सैल, कुठं घट्ट

डोंगरातल्या वाडीत संध्याकाळची एसटी चुकली की मुक्काम. बेटावरचं जहाज चुकलं तरी मुक्कामच. मधल्या चेन्नई-बंगळुरूला मात्र एक गाडी चुकली तर तासाभरात दुसरी मिळते. आमच्यासकट बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. चेन्नईत कुठं जेवायचं हेसुद्धा आधी ठरवतात आणि जहाजाचं "बघू तिकडं गेल्यावर" म्हणून सोडून देतात. तर दोन्ही टोकं घट्ट बांधा, मधला दोर सैल सोडा. अचानक निघणं त्यानंच झेपतं.

पिशवी कायम भरलेली

अचानक निघणाऱ्याच्या घरात एक पिशवी भरलेलीच असावी. मूळ ओळखपत्र, वाहन परवाना, नेहमीची औषधं, पातळ टॉवेल, लवकर वाळणारे दोन शर्ट, टॉर्च, पॉवर बँक. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली चालते. सगळं सात किलोत बसवलंत तर बॅगेच्या पट्ट्याजवळ ताटकळावं लागत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत ती चालत नाही.

आता कोल्हापूरकरांचा खास प्रश्न, चटणी. कांदा-लसूण चटणीशिवाय आपल्याला चार दिवस निघत नाहीत. पण तिखट पूड हातातल्या सामानात न्यायला मनाई आहे. पहिल्या खेपेला आईनं दिलेला अर्धा किलोचा डबा सुरक्षा तपासणीत बाहेर काढला गेला. तपासणाऱ्या बाईंनी झाकण उघडून वास घेतला, त्यांना दोन शिंका आल्या आणि डबा बाजूच्या टोपलीत गेला. चूक आमचीच. चटणी न्यायचीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, वर प्लास्टिकची पिशवी बांधून, जमा करायच्या बॅगेत टाका. सुकं खोबरंही नको, त्यातल्या तेलामुळं ते ज्वालाग्राही धरतात.

आणि कोल्हापुरी पायताण घरी ठेवा. हे मी पोटतिडकीनं सांगतोय. माझं चांगलं कापशी पायताण जेट्टीवर लाटेच्या पाण्यानं भिजलं. दोन दिवस उन्हात वाळवलं तर तळव्यावर पांढरं मीठ फुललं, चामडं लाकडासारखं ताठ झालं आणि अंगठ्याजवळची वादी तडकली. चाळीस रुपयांची रबरी चप्पल तिथं राजा आहे.

डोंगरातला टप्पा

राधानगरी कोल्हापूरपासून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तिथून पुढं दाजीपूर आणि मग फोंडा घाटानं खाली कोकण. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं आणि गावाला आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. मेच्या अखेरीस पहिले वळीव झाले की इथल्या झाडांवर काजवे लखलखतात. दाजीपूर गव्यांसाठी प्रसिद्ध. पावसाळ्यात अभयारण्यात प्रवेश बंद असतो.

गर्दी नको असेल तर भुदरगड तालुक्यातलं पाटगाव बघा. गारगोटीहून पुढं जायचं. मौनी महाराजांच्या मठासाठी ते आधीपासून ओळखीचं होतं, आता 'मधाचं गाव' म्हणून नाव झालंय. मध घेतलात तर तोही चटणीसारखाच मोठ्या बॅगेत. गगनबावडा, आंबा हेही आहेतच, पण शनिवार-रविवारी तिथं आपलंच अर्धं कोल्हापूर भेटतं.

राधानगरी-गारगोटीकडच्या बऱ्याच गाड्या कोल्हापुरातल्या संभाजीनगर स्टँडवरून सुटतात, गगनबावड्याकडच्या रंकाळा स्टँडवरून. चौकशी खिडकीवर नुसतं "गाडी कधी आहे" असं विचारू नका. दोन प्रश्न विचारा: परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि मुक्कामी गाडी कुठल्या गावात थांबते? मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात वस्तीला थांबणारी आणि पहाटे तीच पुन्हा शहराकडं निघणारी. तिच्या चालक-वाहकाला गावात कोण जेवायला घालतं, कुणाची ओसरी मोकळी आहे, हे सगळं ठाऊक असतं. राधानगरीजवळच्या ज्या घरी आम्ही उतरतो त्या मावशींचं घर असंच वाहकानं दाखवलेलं.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. नुसतं भटकायचंच असेल तर महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास काढा. न ठरवता फिरणाऱ्यांसाठी याहून नेमक्या नावाची योजना मला माहीत नाही.

पोचल्या पोचल्या मावशींना जेवणाचं सांगा. खेड्यात 'मेनू' नसतो, चूल पेटायच्या आधी माणसं मोजतात. आठनंतर सांगितलंत तर भाकरी मिळेल, पण त्यांच्या वाटणीची मिळेल. रोख पैसे सुटे ठेवा. वाडीत रेंज गेली की ऑनलाइन पैशाला काही अर्थ राहत नाही.

एक रस्त्याचं सांगतो. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत सगळ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात, रात्री कित्येकींना मागचा दिवा नसतो. स्वतःच्या गाडीनं गेलात तर अंधारात परत फिरू नका. घाईच असेल तर पहाटे निघा.

इथं बसून करायची तीन बुकिंगं

मन झालं, जायचं ठरलं. आता रेंजच्या ठिकाणी या. राधानगरी स्टँड चालेल, वाडी चालणार नाही. तिथून फक्त तीन गोष्टी पक्क्या करा.

आधी विमान. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, सप्टेंबर २०२४ पासून तिचं नाव श्री विजयपुरम. साइटवर दोन्ही नावं टाकून बघा. चेन्नईहून उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचं. बंगळुरू, कोलकात्याहूनही विमानं असतात. मंगळवार-बुधवार बघा, शुक्रवार-शनिवारला भाव चढलेले असतात. आणि विमान सकाळी लवकर उतरणारंच घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी. कारण पुढं येतंय.

मग जहाज. श्री विजयपुरमहून स्वराज द्वीप समुद्रानं चाळीसेक किलोमीटर. खासगी कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याच्या वेगवान बोटी, दीड-दोन तासांत नेतात, सरकारी जहाजाला जास्त वेळ लागतो पण ते स्वस्त असतं. हंगामात सरकारी जहाजाची तिकिटं चटकन संपतात, म्हणून अचानक जाणाऱ्यानं खासगीचंच धरून चालावं. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि शेवटची दुपारीच सुटते. आम्ही पहिल्यांदा स्वस्तातलं दुपारचं विमान घेतलं. रिक्षा पळवत धक्क्यावर पोचलो तर समोर नुसतं पाणी. दोरखंड गुंडाळणाऱ्या खलाशानं हातानंच 'उद्या' म्हणून खुणावलं. बेटावरच्या खोलीचं त्या रात्रीचं भाडं बुडालं, वर शहरात खोली घ्यावी लागली ती वेगळीच.

तिसरी गोष्ट शेवटची रात्र. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच असायला हवं. सकाळी जहाजानं येऊन दुपारचं विमान धरू, असं कागदावर छान दिसतं. वारा वाढला की जहाज रद्द होतं आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. तो मोकळा अर्धा दिवस सेल्युलर जेलला द्या. १९०६ साली पुरी झालेली ही इमारत, मूळच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर बंधूंच्या कोठड्यांमुळं मराठी माणूस तिथं तसाही जातोच, पण धावतपळत जाऊ नये.

बाकी काही बुक करू नका. बेटावरची पहिली रात्र धरा फार तर.

कोल्हापूर ते चेन्नई

आमची लाडकी वाट हरिप्रिया एक्स्प्रेस. दुपारच्या सुमारास कोल्हापूर सोडते आणि मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंटकल असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोचवते. बालाजी केला की अंबाबाई करायची, ही जुनी रीत, त्यामुळं ही गाडी दोन्ही बाजूंनी भाविकांनी भरलेली असते. डब्यात पुरणपोळीपासून पुळीहोऱ्यापर्यंत, म्हणजे चिंचेच्या भातापर्यंत, सगळं फिरतं. तिरुपतीहून चेन्नई बसनं तीन-साडेतीन तास. त्याच दिवशीचं विमान धरायचा मोह नको. रात्र चेन्नईत विमानतळाजवळ काढा आणि पहाटेचं विमान घ्या.

आयत्या वेळी जागा मिळायची वाट म्हणजे तत्काळ. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी वातानुकूलितचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते, ती आधीच करून ठेवा. दहा वाजता पासवर्ड शोधणाऱ्याला जागा मिळत नाही. आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य, म्हणून आधी विमान पक्कं करा, मग तत्काळ. विमानासाठी दोन-तीन दिवस पुढची तारीख धरलीत की हे नीट बसतं.

दुसरी वाट बंगळुरूची. कावळा नाक्यावरून संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्या निघतात, राष्ट्रीय महामार्ग ४८ नं रात्रभर धावून सकाळी बंगळुरूत. जागा बहुधा त्याच दिवशी मिळते, ही तिची खरी किंमत. एक सावधगिरी: बंगळुरूचं विमानतळ शहराच्या पार उत्तरेला आहे आणि आपली गाडी पश्चिमेकडून शिरते. सकाळच्या ट्रॅफिकात दोन तास सहज जातात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मोजक्याच शहरांना विमानं आहेत, जुळलं तर उत्तम, पण त्यावर बेत बांधू नका.

चेन्नईहून बोटीनं अंदमान हा प्रकारही आहे. तीनेक दिवस लागतात आणि महिन्यातून मोजक्याच फेऱ्या. अचानक जाणाऱ्याचं ते काम नाही.

समुद्र लागणं

फोंडा घाटात ज्याला मळमळतं त्याला जहाजातही मळमळणार, हे धरून चाला. गोळी तीच, पण ती सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून पिशवीत ठेवा, मुलांसाठी तर नक्कीच. कॅटामरान बंदिस्त असतं, त्यामुळं जागा मधल्या किंवा मागच्या भागातली मागा, पुढचं टोक जास्त आपटतं. मोबाइल खिशात, नजर लांब क्षितिजावर. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मिसळ खाऊनही जाऊ नका.

बेटावर

स्वराज द्वीपावरच्या गावांना अजून आकड्यांनी ओळखतात. एक नंबरला जेट्टी, तीन नंबरला बाजार, पाच नंबरला बरीच हॉटेलं आणि सात नंबर म्हणजे आपलं राधानगर, जेट्टीपासून बारा किलोमीटरवर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथं वसवली गेली, त्यामुळं कानावर बंगाली पडते. हिंदी सगळ्यांना येते. डोंगरातून दोन दिवस शांततेत काढून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो जेट्टीवर: हॉटेलांच्या पाट्या, रिक्षावाले, स्कूबावाले, सगळे एकदम अंगावर येतात. कुणाशीच तिथं सौदा करू नका. बाजारापर्यंत चालत किंवा बसनं जा, माशाचं ताट मागवा, मग खोल्या बघा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, हंगाम ऐन भरात नसेल तर, पहिल्या खोलीपेक्षा तिसरी खोली स्वस्त निघते.

स्कूटर भाड्यानं मिळते, परवाना मूळ लागतो. पेट्रोल, ब्रेक, जुने ओरखडे बघून फोटो काढून ठेवा, म्हणजे परत देताना वाद होत नाही.

घड्याळाचं मात्र नीट ध्यानात घ्या. घड्याळ तिथंही भारतीयच, पण बेट कोल्हापूरच्या पूर्वेला जवळजवळ १९ रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो. राधानगरचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे, लोक मावळत बघायलाच जातात, आणि आम्ही रंकाळ्यावर जातात तसे सहाला पोचलो. नुसता अंधार आणि परतणाऱ्या रिक्षा. दुपारी तीनलाच जा. त्याऐवजी पहाटे पाचला उठलात तर किनाऱ्यावर तुम्ही आणि चार कुत्री.

पाण्याखाली जायचं असेल तर ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका. खोल पाण्यात दाबामुळं श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. लगेच विमानात बसलात, हवेचा दाब कमी झाला, की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डुबकी आणि विमान यांत पुरे २४ तास ठेवा. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधीच सांगा, लपवू नका.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. जीवरक्षक नको म्हणाले की पाण्यात उतरायचं नाही, ओढ्यांच्या मुखाशी तर नाहीच. पोवळं उचलू नका. वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगा बघतात.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा अचानक ठरवून होत नाहीत. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्यानं सोडतात आणि वाटेत थांबायला, फोटो काढायला बंदी आहे. आम्ही तो बेत सोडून दिला. माणसं बघायला जंगलातून गाड्यांची रांग न्यायची, हे आम्हाला दोघांनाही पटलं नाही. निकोबारचा बहुतेक भाग पर्यटकांना खुला नाही.

२०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून नेट बरंच सुधारलंय. तरी एटीएम मोजकीच आहेत आणि कधी रिकामी. रोख रक्कम चेन्नईतच काढा.

कधी जाऊ नये

मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, आपल्याकडं येतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. परतीचा पाऊसही तिथं नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. गगनबावड्याच्या माणसाला हा आकडा सांगितलात तर तो हसेल, पण गगनबावड्याला जहाजानं जावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात इकडं पंचगंगा पात्राबाहेर आली की राधानगरी-गगनबावड्याचे रस्ते बंद पडतात, २०१९ ला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. दिवाळी आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात अचानक गेलात तर खिसा फाटतो. आमच्या मते फेब्रुवारी-मार्च, आठवड्याचे मधले दिवस.

परदेशातलं बेट डोक्यात असेल, फुकेत, बाली, मालदीव, तर निम्मं काम पासपोर्टचं आहे. त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने उरलेली हवी. मालदीवला पोचल्यावर व्हिसा मिळतो, बालीलाही पैसे भरून मिळतो. थायलंडला मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. नियम सारखे बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

परत येताना

हरिप्रिया दुपारनंतर कोल्हापुरात उतरवते. स्टेशनाबाहेरून रिक्षानं संभाजीनगर स्टँड गाठलात तर राधानगरीकडं संध्याकाळची गाडी सापडते. आम्ही पहिल्या खेपेला मोटरसायकल मावशींच्या अंगणातच ठेवून गेलो होतो, त्यामुळं जावंच लागलं. गाडीवर कोंबड्यांनी मुक्काम केलेला. पिशवी झटकली तर अंगणात पांढऱ्या वाळूची चिमूटभर रांगोळी पडली. मावशींनी ती बोटानं चाळून बघितली, मोबाइलवरचे फोटो एकेक करून बघितले आणि विचारलं, "राधानगर म्हणतासा, मग धरण कुठं हाय ह्यात?"